भिंत ही सजावट नव्हती

ज्यांना रंगमंचावर काही सांगता येत नाही ते गच्चीवर, जिन्यात, बंद पडलेल्या गिरणीत नाचायला जातात. तिथं प्रेक्षक जागाच बघत बसतो आणि नाच त्या जागेच्या जिवावर तरून जातो. साइट-स्पेसिफिक (जागेशी बांधलेल्या) आणि इमर्सिव्ह (प्रेक्षकाला आत ओढणाऱ्या) नृत्याबद्दलचं हे मत प्रयोगानंतरच्या गप्पांत, परीक्षणांत आणि नृत्यशिक्षकांच्या तोंडी इतक्या सहजपणे येतं की त्याला पुरावा मागायचंही कुणाला सुचत नाही. मला हे मत चुकीचं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ते नुकसान करतं. नृत्य शिकणाऱ्या तरुण मुलामुलींपुढे ते एक खोटी निवड ठेवतं: एकतर शिस्त, नाहीतर जागा.

या मताची परीक्षा घ्यायची तर सोपं उदाहरण निवडून उपयोग नाही. जिच्या नावावर या प्रकारातली सर्वांत चमत्कारिक वाटणारी कृती जमा आहे, त्या अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउनच्या कारकिर्दीवर ते घासून बघू.

18 एप्रिल 1970 रोजी न्यू यॉर्कच्या सोहो भागातल्या 80 वूस्टर स्ट्रीट या सात मजली इमारतीच्या गच्चीच्या कडेवर जोसेफ श्लिक्टर उभा राहिला. तो ब्राउनचा तेव्हाचा नवरा. अंगात गिर्यारोहकांसारखा पट्ट्यांचा साज, पाठीमागून वर गेलेला दोर. तो पुढे झुकत झुकत जमिनीला समांतर झाला आणि भिंतीवरून खाली चालत आला. धावला नाही, उड्या मारल्या नाहीत, लोंबकळला नाही. रस्त्यावरून माणूस चालतो तसा चालला. खाली पोचला आणि प्रयोग संपला. नाव तितकंच सरळ: ‘मॅन वॉकिंग डाउन द साइड ऑफ अ बिल्डिंग’.

ही सर्कस आहे, असं म्हणणाऱ्यांनी त्या चालण्यात काय लागतं याचा विचार केलेला नसतो. जमिनीवर चालताना आपण दर पावलाला थोडे पुढे पडतो आणि दुसऱ्या पायानं स्वतःला सावरतो. वजन तळव्यातून खाली जातं आणि त्याच्या जिवावर पुढचं पाऊल निघतं. भिंतीवर आडवं असताना तळव्यावर वजन जवळजवळ नसतंच. गुरुत्वाकर्षण पायांकडे ओढत नाही, ते छातीच्या दिशेनं ओढतं. पाऊल आपोआप ‘पडत’ नाही, ते भिंतीवर नेऊन ठेवावं लागतं. धड मोडू नये म्हणून पोट आणि पाठ सतत ताणलेली, आणि तरीही खांदे आणि हात सैल दिसले पाहिजेत, कारण बघणाऱ्याला चालणं दिसायला हवं, धडपड दिसायला नको. जी क्रिया आपण दुसऱ्या वर्षापासून विनासायास करतो ती पुन्हा स्नायू-स्नायूनं बांधायची, आणि बांधल्याचा मागमूस ठेवायचा नाही. याला कसब म्हणत नसतील तर कसब म्हणजे काय, हे आरोप करणाऱ्यांनी सांगावं.

आणि ही कलाकार रंगमंचासाठी अपुरी म्हणून भिंतीकडे गेली का? वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन गावी 1936 साली जन्मलेली ब्राउन मिल्स कॉलेजात आधुनिक नृत्याचं रीतसर शिक्षण घेऊन 1958 साली पदवीधर झाली. अमेरिकन डान्स फेस्टिव्हलमध्ये लुई हॉर्स्टकडे नृत्यरचना शिकली. 1960 च्या उन्हाळ्यात ती कॅलिफोर्नियात अ‍ॅना हॅलप्रिनच्या कार्यशाळेत गेली. तिथं झाडांच्या मधोमध बांधलेल्या उघड्या लाकडी चौथऱ्यावर काम चाले. सिमोन फोर्टी आणि इव्हॉन रेनर तिला तिथंच भेटल्या. पुढं न्यू यॉर्कला रॉबर्ट डनचा रचनेचा वर्ग आणि त्यातून 1962 साली एका चर्चमध्ये उभं राहिलेलं जडसन डान्स थिएटर. म्हणजे भिंतीपाशी पोचेपर्यंत तिच्यामागे एका तपाहून जास्त शिक्षण आणि काम होतं. तिला पावलं माहीत होती. हेच पाऊल का, इथंच का, आता का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर तिला प्रचलित पद्धतीत मिळत नव्हतं.

ते उत्तर इमारतीनं दिलं. या रचनेबद्दल ब्राउननं स्वतः जे लिहिलं आहे त्याचा आशय असा, की वर सुरुवात, सरळ खाली चालणं, खाली थांबणं, इतका स्वच्छ क्रम ठरला की हालचाल निवडताना पडणारे सगळे धूसर प्रश्न नृत्यकार आणि जागा मिळून सोडवतात. जागा ही इथं सहलेखक आहे. ‘जागेच्या जिवावर तरून जाणं’ आणि ‘जागेसोबत रचना लिहिणं’ यांत जो फरक आहे तो न दिसणं हीच या टीकेची मूळ चूक आहे.

फरक ओळखायचा कसा? आपल्याकडचंच उदाहरण घेतो. खजुराहोचा नृत्य महोत्सव 1975 पासून होतो. मागं दिव्यांनी उजळलेली मंदिरं, पुढं मंच, मंचावर उत्तम कलावंत. त्यांची रचना तीच असते जी त्यांनी आधी मुंबईच्या किंवा चेन्नईच्या सभागृहात केलेली असते आणि पुढंही करणार असतात. मंदिर काढून टाकलं तर एकही पाऊल बदलत नाही. इथं स्थळ ही सजावट आहे. त्यात पाप काही नाही, सुंदर पार्श्वभूमीवर सुंदर नाच बघायला मलाही आवडतो. पण जागेच्या सौंदर्यावर विसंबण्याचा आरोप करायचाच असेल तर तो इथं करायला हवा. 80 वूस्टर स्ट्रीटची भिंत बघायला कुणी आलं नव्हतं. ती कारखान्यांच्या वस्तीतली एक साधी भिंत होती. ती काढून टाकली तर मात्र नाच उरतच नाही. नेमकं उलट माप लावून आपण वारसास्थळाच्या महोत्सवाला ‘परंपरा’ म्हणतो आणि भिंतीवरच्या माणसाला ‘करामत’.

पुढच्याच वर्षी, 1971 साली, ब्राउननं ‘रूफ पीस’ केलं. 53 वूस्टर स्ट्रीटच्या गच्चीपासून 381 लाफायेट स्ट्रीटच्या गच्चीपर्यंत, सुमारे दहा ब्लॉकांच्या पट्ट्यात, एकेका गच्चीवर एकेक नर्तक. पहिल्या टोकाच्या नर्तकानं हालचाली करायच्या, पुढच्यानं त्या बघून शक्य तितक्या तंतोतंत उचलायच्या, त्याच्या पुढच्यानं त्याच्याकडून. हालचाल शहरावरून प्रवास करत दुसऱ्या टोकाला पोचायची आणि मग उलट दिशेनं परत. अंतर मोठं, हवा धुरकट, मध्ये पाण्याच्या टाक्या आणि चिमण्या. बोटांचं बारीक काम वाटेत गळून जाणार, हाताची मोठी रेषा टिकणार. काय टिकतं आणि काय हरवतं, हाच या नृत्याचा विषय.

या रचनेवरचा ठरलेला आक्षेप असा की कुठलाही प्रेक्षक तिला पूर्ण बघूच शकत नव्हता. खरं आहे. ज्या गच्चीवर तुम्ही उभे असाल तिथून दिसतील तेवढेच नर्तक तुमचे. सभागृहातल्या मधल्या रांगेत बसून सगळं एका नजरेत घ्यायची सवय लागलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते. पण त्या साखळीतल्या प्रत्येक नर्तकाची अवस्थाही हीच होती. त्यालाही आधीचा एक आणि नंतरचा एक एवढंच दिसत होतं. प्रेक्षकाला नर्तकाच्याच मर्यादेत उभं करणं ही रचनेतली उणीव कशी? ती रचनाच होती. बॅबेट मँगोल्टनं 1973 सालच्या प्रयोगाचं जे छायाचित्र घेतलं आणि जे आज जगभर छापलं जातं, त्यातही गच्च्यांच्या गर्दीत लहान लहान होत गेलेल्या मोजक्याच आकृत्या दिसतात. तिनं खोटं काही केलं नाही. तिथून तेवढंच दिसत होतं.

त्या गच्च्या तिथं होत्या यामागंही एक लढाई आहे, आणि ‘जागा काय, कुठलीही चालते’ म्हणणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. न्यू यॉर्कचे रस्ते आखणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस याचा लोअर मॅनहॅटन एक्सप्रेसवे हा आठ-दहा पदरी रस्ता ब्रूम स्ट्रीटच्या बाजूनं हाच भाग चिरत जाणार होता. रहिवाशांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि 1969 साली योजना कायमची बारगळली. कारखाने निघून गेलेल्या माळ्यांत चित्रकार आणि नर्तक बेकायदेशीरपणे राहत होते. कलावंतांना तिथं राहायची कायदेशीर मुभा मिळाली ती 1971 साली, म्हणजे ‘रूफ पीस’च्याच वर्षी. पाडली जाणार होती ती वस्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नर्तकांनी नजरेनं जोडली. ब्राउन स्वतः त्याच वस्तीत राहत होती. ती कुठलंतरी नयनरम्य ठिकाण शोधायला निघाली नव्हती.

पुढं सोहोचं काय झालं तेही सांगायला हवं. कलावंत आले, गॅलऱ्या आल्या, मग महागडी दुकानं आली आणि कलावंतांना भाडं परवडेना. गिरणगावाचे मॉल होताना बघितलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. बंद गिरणीत एखादा नृत्यप्रयोग ठेवून त्या जागेला ‘वलय’ मिळवून देणं आणि मग तिथं मनोरे उभे करणं, हा धंदा खरा आहे. त्यावर जितकं कडक लिहाल तितकं थोडं. पण तो जमिनीच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याचा ठपका नृत्यप्रकारावर ठेवून मोकळं होणं म्हणजे ज्याला जाब विचारायचा त्याला सोडून देणं.

आता त्या मताकडे वळतो जे मला सर्वांत जास्त खुपतं, कारण ते ब्राउनची स्तुती करणाऱ्यांकडून येतं. भिंती आणि गच्च्या ही तिची उमेदवारी होती, खरी ट्रिशा ब्राउन 1979 साली रंगमंचावर आल्यानंतरची, असं ही मंडळी म्हणतात. म्हणजे स्थळाशी बांधलेलं काम हे पोरवयातलं खूळ, जे प्रौढ झाल्यावर सुटतं.

तिच्या पहिल्याच रंगमंचीय रचनेकडे बघा. ‘ग्लेशियल डिकॉय’ 1979 साली मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनं सादर केलं. रॉबर्ट राउशेनबर्गचं नेपथ्य, संगीत नाही. नर्तिका कडेनं येतात आणि सरकत सरकत दुसऱ्या कडेच्या विंगेत नाहीशा होतात. एक बाहेर गेली की दुसऱ्या बाजूनं एक आत येते, आणि बघता बघता जाणवतं की नाच मंचाहून मोठा आहे. मंच म्हणजे त्या लांबलचक नाचावर उघडलेली एक खिडकी, बाकीचा नाच भिंतीआड चालूच आहे. हे कुठून आलं? जिनं दहा ब्लॉक लांब आणि कुणालाही पूर्ण न दिसणारा नाच आधी रचला होता तिच्याकडूनच हे येऊ शकतं. तिनं रंगमंचालाही एक स्थळ मानलं: याला कडा आहेत, या कडांपलीकडे काय होतं, हा प्रश्न तिनं त्याला विचारला. कमानीच्या चौकटीत वाढलेल्यांना चौकट दिसत नाही. ती बाहेरून आली होती म्हणून तिला दिसली.

1983 साली ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ‘सेट अँड रीसेट’ आलं. लॉरी अँडरसनचं संगीत, पुन्हा राउशेनबर्गचं नेपथ्य, आणि आज विसाव्या शतकातल्या नृत्याच्या मोठ्या कामांत त्याची गणना होते. त्याची सुरुवात आठवा. चार जणांनी एका नर्तिकेला आडवं उचलून धरलं आहे आणि ती मागच्या भिंतीवरून चालते आहे. 1971 साली व्हिटनी म्युझियममध्ये ब्राउननं छतावरच्या रुळांना टांगलेल्या झोळ्यांत माणसं बसवून त्यांना भिंतीवरून चालवलं होतं, इतकं सहज की बघणाऱ्याला आपणच उंच खिडकीतून खाली रस्त्याकडे बघतो आहोत असं वाटावं. बारा वर्षांनी, यंत्र बाजूला ठेवून, माणसांच्या हातांवर तीच कल्पना रंगमंचावर उभी राहिली. विंगांचे पडदेही पारदर्शक केलेले, म्हणजे आत गेलेला नर्तक दिसत राहतो. नर्तकांना दिलेल्या सूचनांत कडेला राहणं आणि दिसण्या-न दिसण्याशी खेळणं या दोन सूचना होत्या. गच्च्यांवर जे शिकली तेच तिनं नर्तकांच्या हाती दिलं. 1998 साली ब्रसेल्सच्या ला मॉने ऑपेरात मोंतेवेर्दीचं ‘ऑर्फेओ’ बसवताना तिनं संगीतदेवतेला मंचावरून हवेत तरंगत ठेवलं. पोरवयातलं खूळ इतकी वर्षं, इतक्या रूपांत टिकत नाही. ही एकाच प्रश्नाची कारकीर्द आहे: शरीराचं वजन कुठल्या दिशेला जातं आणि बघणाऱ्याला त्यातलं किती दिसतं.

‘यात नवीन काय, आमच्याकडे हे शेकडो वर्षं आहे’ हे उत्तरही मी ऐकत आलो आहे. सिंधुदुर्गात देवळाच्या आवारात दशावतार होतो, अंगणात गोंधळ घातला जातो, वारीत रिंगण होतं. अभिमान रास्त आहे. पण तो ज्या कामासाठी वापरला जातो ते रास्त नाही, कारण या वाक्यानं चर्चा थांबवली जाते. दशावतारात जागा विधीनं ठरते, देवासमोर खेळ होतो. ब्राउनच्या भिंतीला कुठलाही विधी नव्हता, पावित्र्य नव्हतं, ती निवडावी लागली आणि निवडीचं कारण शरीरानं सिद्ध करावं लागलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

परंपरेचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाचा जो क्रम आहे, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, त्याला आकार दिला तंजावरच्या मराठा दरबारातल्या चार भावांनी, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात. तो दरबारासाठी आणि देवळासाठी होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला आपला पहिला जाहीर प्रयोग केला 1935 साली, कलाक्षेत्र निघालं 1936 साली. कमानी रंगमंच या नृत्याचं घर झाला त्याला शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. बैठकीची लावणी घ्या. ती बसून होते. डोळे, भुवया, बोटं, मान यांतून अदा होते, कारण श्रोते हाकेच्या अंतरावर आहेत. खोली तशी आहे म्हणून लावणी तशी आहे. तीच हजार माणसांच्या मंचावर नेली की पायांवर आणि कमरेवर भार येतो आणि भुवई वाया जाते. जागा नाचाला घडवते हे ज्या परंपरेत इतकं स्पष्ट दिसतं, तिथल्या जाणकारांनी रंगमंचाला सनातन मानून गच्चीवरच्या नर्तकाला हिणवावं, हे मला खरोखर कळत नाही.

इमर्सिव्ह नृत्यावरच्या टीकेत मात्र एक भाग खरा आहे. ‘स्लीप नो मोअर’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. लंडनला 2003 साली सुरू झालं, न्यू यॉर्कच्या चेल्सी भागातल्या गोदामांत 2011 पासून जानेवारी 2025 पर्यंत चाललं. फेलिक्स बॅरेटबरोबर दिग्दर्शन आणि नृत्यरचना मॅक्सिन डॉइलची. प्रेक्षक पांढरे मुखवटे घालून मजल्यामजल्यांवर फिरायचे, हव्या त्या पात्राच्या मागं जायचे. काही प्रेक्षक त्या अंधारात कलाकारांच्या अंगाला हात लावत, अशा तक्रारी 2018 साली बातम्यांतून बाहेर आल्या. अशा प्रयोगात नर्तकाच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी आणि तिकीटविक्री नंतर असली पाहिजे. यावर माझं आणि टीकाकारांचं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: ‘तिथं नाच नसतोच, नुसतं फिरणं असतं.’ मॅकबेथवर आधारलेल्या त्या रचनेत प्रत्येक पात्राचा सुमारे तासाभराचा नृत्यक्रम होता आणि एका रात्रीत तो तीनदा यायचा. वेगवेगळ्या खोल्यांतले नर्तक ठरलेल्या क्षणी एकमेकांना भेटले नाहीत तर सगळं कोसळणार. कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात, अरुंद बोळात चालणारी द्वंद्वनृत्यं, आणि प्रेक्षक कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नाही. म्हणजे नर्तकाला ‘समोर’ ही दिशाच उरत नाही. पाठीनं, मानेच्या मागच्या भागानं, टाचेनंही नाचावं लागतं. ब्राउननं 1994 साली ‘इफ यू कुडन्ट सी मी’ हे एकलनृत्य प्रेक्षकांकडे पूर्णवेळ पाठ करून केलं, तेही रंगमंचावर. पाठीत किती भाव असतो ते पाहायला मिळालं आणि चेहऱ्यावर विसंबण्याच्या सवयीला धक्का बसला. तिला कुणी पळपुटी म्हटलं नाही. मग तीच मागणी चारी बाजूंनी पुरी करणाऱ्या नर्तकांना ‘फिरणारी नटमंडळी’ का म्हणायचं?

शेवटचा आक्षेप बुद्धिमान आहे, म्हणून त्याला जरा थांबून उत्तर देतो. भिंतीवरून चालणं जर त्या जागेशी इतकं बांधलेलं असेल तर ते 2006 साली लंडनच्या टेट मॉडर्नवर आणि 2010 साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियमवर पुन्हा कसं झालं? ‘रूफ पीस’ 2011 साली हाय लाइनच्या परिसरात कसं गेलं? म्हणजे जागा बदलता येते, तर मग तो रंगमंचासारखाच फिरता प्रयोग झाला नाही का?

नाही. या रचना पत्त्याशी बांधलेल्या नाहीत, अटींशी बांधलेल्या आहेत. एकीला उभी, मोकळी, पुरेशी उंच भिंत हवी. दुसरीला गच्च्यांमधल्या नजरेच्या वाटा हव्यात. नवी भिंत आली की दोर कुठं अडकवायचा, भार किती पेलेल, दगड पावलाला पकडतो की निसटू देतो, उतरायला किती पावलं लागतील, हे सगळं नव्यानं ठरवावं लागतं, आणि त्या हिशेबातून चाल नव्यानं बनते. सभागृह बदललं की दिवे हलवावे लागतात, पावलं तीच राहतात. व्हिटनीच्या भिंतीवरून उतरणाऱ्यांत एलिझाबेथ स्ट्रेब होती, तेव्हा साठ वर्षांची. ही रचना सादर करणारी ती पहिली बाई. दुसरा होता स्टीफन पेट्रोनियो, ब्राउनच्या कंपनीतला पहिला पुरुष नर्तक, जो तिच्याकडे आला 1979 साली, म्हणजे टीकाकार ज्याला ‘खरी’ ब्राउन म्हणतात त्या काळात. रंगमंचावरच्या ब्राउनकडे शिकलेला हा नर्तक चाळीस वर्षांपूर्वीची भिंत उतरला. आणि ब्राउनची कंपनी? 2013 पासून सुमारे तीन वर्षं मोठ्या रंगमंचीय रचनांचा निरोपाचा दौरा करून ती ‘इन प्लेन साइट’ या नावानं बागांत, संग्रहालयांत, मोकळ्या आवारांत गेली, रंगमंचासाठी केलेल्या रचनांचे तुकडेही सोबत घेऊन. ब्राउन मार्च 2017 मध्ये गेली. ते काम चालू राहिलं.